रुईनीचं दूध

बाळंतिणीला काय खाऊ घालावं, याबाबतीत माईसुईचं कुणाशी पटत नसे, कारण तिच्या मते ते फक्त तिलाच कळत होतं. गावातल्या निम्म्या पोरांना दूध मिळालं ते आपण शिजवलेल्या सारावर आणि पेजेवर, असं ती छातीठोकपणे सांगायची. ते फारसं खोटंही नव्हतं. त्यामुळे मुलाचा, बाओशानचा फोन आला, मुलगी झाली पण बायकोला, रुईनीला, दूध येत नाही म्हणाला, तेव्हा तिचा जीव खालीवर झाला खरा, पण तेवढीच ती खूशही झाली. शेवटी गरज आपलीच लागली ना!

तिने राळे घेतले, लाल साखर घेतली, कोंड्यात पुरून अंडी घेतली आणि अंगणातल्या पाच धष्टपुष्ट कोंबड्या झाकणाच्या टोपलीत बसवल्या. आगगाडीत कोंबड्या चालत नाहीत, म्हणून लांब पल्ल्याची बस. ड्रायव्हर तालुक्यातलाच होता.

"मावशी, ह्यातली एक जरी ओरडली ना, तर तिला आणि तुम्हाला, दोघींना खाली उतरवीन," तो म्हणाला.

"उतरव तर खरं! तुझ्या आईला चांगली ओळखते मी."

कोंबड्या ओरडल्या. कुणी उतरवलं नाही. तिचा हनान प्रांत मागे पडला, सगळीकडे सपाट, गोठलेली शेतं दिसत राहिली आणि दुसऱ्या दिवशी बेइजिंगच्या दक्षिण टोकाला, पुलाखाली, बाओशान डिलिव्हरीची तीनचाकी घेऊन तिची वाट बघत उभा होता. चेहरा पार उतरलेला. आईला बघून तो हसला, मग टोपलीकडे बघून त्याचं हसू मावळलं.

"आई, जिवंत आणल्यास?"

"मग काय, मेलेल्या आणू?"

बाओशान राहायचा ते घर थानबाईचं. थानबाई मूळची तिथलीच, मका पिकवणारी. शहर वाढत वाढत तिच्या शेतावर आलं, शेत गेलं आणि बदल्यात तिला शहराची रहिवासी म्हणून सरकारी नोंद मिळाली. आता ती घरावर पत्र्याचे मजले चढवून बाहेरगावच्यांना खोल्या भाड्याने द्यायची. बाओशान आणि रुईनीची नोंद अजून गावचीच होती. शहरात इतकी वर्षं राबूनही ते तिथे 'आलेले'च होते, आणि शहर ते क्षणभर विसरू देत नसे.

खोलीत एक पलंग, एक टेबल, पाणी उकळायची किटली. स्वयंपाकाला बंदी, कारण भिंती फोमच्या. माईसुईने पलंगाखाली डोकावून पाहिलं तर पाकिटातल्या नूडल्सचं खोकं, काल-परवाचे मांतोऊ, म्हणजे वाफवलेले पाव, आणि बरणीत खारवलेला पाला.

"हे खाऊन पोर जन्माला घातलीस?" ती सुनेला म्हणाली.

"अंडंसुद्धा असायचं, आई. रविवारी," रुईनी पलंगावरून म्हणाली. ओठांना रंग म्हणून नव्हता. शेजारी लेक दोउदोउ, कपड्यांच्या गाठोड्यात फक्त नाक दिसणारी, कोरड्या छातीवर तोंड घासून थकून झोपली होती.

रुईनी कामाला होती शाळांचे डबे भरणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरात. दिवसभर शहरातल्या पोरांच्या डब्यात मांस, दोन भाज्या, फळ असं मापात भरायचं आणि कामाची पाळी संपली की कामगारांसाठी कोबीचं पाणी आणि भात. पोटुशी असतानाही तेच. खासगी दवाखान्यातल्या बाईने रक्त तपासून सांगितलं होतं, कलेजी खा, गोमांस खा. रुईनीने मान डोलावली होती आणि नूडल्सचं पाकीट उघडलं होतं.

"बाळंतपणाला गावी का नाही आलीस ग? मी काय मेले होते?"

"खंड पडतो, आई." रुईनीने आधी कित्येकदा स्वतःलाच समजावलेलं असावं, तसं ते तिच्या तोंडून आलं. "हिला इथल्या शाळेत घालायचं तर आमचा राहण्याचा परवाना हवा. परवान्याला काम हवं, काम सलग हवं, विमा सलग भरलेला हवा. मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. मुकादमबाईने महिनाभर बिनपगारी सोडलंय तेच खूप झालं."

माईसुईला परवाना, विमा यातलं काही कळलं नाही. महिना तेवढा कळला. बाळंतिणीचा महिना म्हणजे तिचं राज्य. या एका महिन्यात सुनेच्या अंगात रक्त भरायचं आणि नातीच्या तोंडात दूध आणायचं, एवढंच तिने ठरवलं आणि पदर खोचून नाही पण बाह्या सरसावून ती कामाला लागली.

पहिलं विघ्न सकाळीच आलं. कोंबड्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवल्या होत्या. त्यातल्या एकीने अंडं घातलं आणि सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं. थानबाई जिना चढून वर आली. जाडजूड बाई, आवाजही तसाच.

"ताई, माझ्या गच्चीवर कोण बोलतंय?"

"माझ्या कोंबड्या."

"माझ्या गच्चीवर म्हणजे माझ्याच की!" असं म्हणून ती आपल्याच विनोदावर खदखदून हसली. मग टाकीमागे वाकून बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिली. तिचा सूर पालटला. "अंगणातल्या आहेत का हो? किडे खाल्लेल्या?"

"मग काय पेंड घालते मी?"

"माझी लेकपण बाळंत झालीय, याच आठवड्यात. वॉर्डाची नर्स घरी येऊन बघून जाते, दूध दारात येतं, मासे जिवंत आणते मी. सगळं आहे. पण कोंबडीच्या सारावर तवंग म्हणून दिसत नाही बघा. बाजारच्या कोंबड्यांत जीवच नसतो." तिने सुस्कारा सोडला. "इथे पक्षी ठेवायला मनाई आहे, ताई. शेगडीला तर आहेच आहे. कुणाला कळलं तर दंड मला. पण मीही आई आहे. दोन मला द्या, आणि त्या कोपऱ्यात विजेची शेगडी लावा. मी काही पाहिलं नाही."

माईसुईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिच्या दारात दूध येतं तिला कोंबडी, आणि जिच्या अंगात रक्ताचा थेंब नाही तिच्या ताटातून ती काढून द्यायची? पण शेगडीशिवाय कोंबडी काय कामाची! तिने दोन काढून दिल्या, त्यातल्या त्यात हडकुळ्या. थानबाई काही कच्ची नव्हती. तिने एक परत ठेवली आणि गुबगुबीत निवडली.

दोन-चार दिवसांनी ती तिसरीसाठी आली. "नात फार रडते हो," म्हणाली. माईसुईने तीही दिली, कारण शेगडी रोज पेटत होती आणि तिचा वास जिन्यावरून सगळ्या मजल्यांवर जात होता. त्या कोंबडीला तिने 'राणी' म्हणून हाक मारली होती गावात. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

उरलेल्या दोन मात्र तिने अशा शिजवल्या की बस्स. मंद आचेवर अर्धा दिवस, मिठाचा कण नाही, वर पिवळाजर्द तवंग. मधल्या वेळी राळ्याची पेज, लाल साखर, उकडलेली अंडी. बाओशान संध्याकाळी येऊन दारातच वास घेत उभा राहायचा.

"आई, एक घोट?"

"तुला काय पाजायचंय कुणाला?"

तो हसून नूडल्सचं पाकीट फोडायचा. रुईनी मात्र कुरकुरायची. मीठ घाला ना थोडं, म्हणायची. तेलकट आहे, म्हणायची. माईसुई वाटी तिच्या तोंडाशी धरून बसायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही.

आणि दूध आलं. एका दुपारी दोउदोउ नेहमीसारखी चुटुचुटु ओढता ओढता एकदम थांबली आणि मग गटगट आवाज यायला लागला. खोलीत तेवढाच आवाज. रुईनी रडायला लागली, मग हसायला लागली. "आई, ऐका ना, ऐका!" म्हणाली. माईसुई ऐकत होतीच. आपल्या दोन्ही मुलांच्या लग्नातही ती इतकी आनंदली नव्हती. पोरीच्या गालांवर पुढच्या काही दिवसांत मांस चढलं, मनगटाला वळी पडायला लागली.

आता आलेलं दूध टिकवायचं होतं. माईसुईच्या भागात सगळ्यांना माहीत असतं की परका माणूस बाळंतिणीच्या खोलीत आला की त्याच्या पायाबरोबर दूध निघून जातं. दूध तुडवलं, असंच म्हणतात त्याला. म्हणून दारावर लाल फडकं लावायचं. गावात ते फडकं दिसलं की सावकार असो, गावचा कारभारी असो, उंबऱ्यापासून मागे फिरतो. माईसुईने गावाहून आणलेलं फडकं काढलं आणि दाराच्या वरच्या पट्टीला खिळ्याने ठोकलं.

"आई, ते नको," रुईनी म्हणाली. "इथे दारावर काही लावू नये."

"का बरं?"

"लक्ष जातं."

"अग बाई, लक्ष जावं म्हणूनच तर लावतात!"

रुईनीने पांघरूण वर ओढून घेतलं. सासूशी वाद घालायची ताकद तिच्यात नव्हती, आणि सासूने आणलेल्या दुधाला नाही म्हणण्याची तर नव्हतीच. संध्याकाळी बाओशानने फडकं पाहिलं, तोंड उघडलं, मग बायकोच्या मांडीवरच्या गटगट आवाजाकडे बघितलं आणि जोडे काढले.

दुसऱ्याच आठवड्यात कुठल्याशा वस्तीत आग लागली आणि शहरभर बेकायदा खोल्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. तपासणी आली की थानबाईच्या घरातले भाडेकरू काय करायचे ते ठरलेलं होतं. जे कामाला गेलेत ते गेलेत, उरलेल्यांनी शेजाऱ्याकडून बाहेरून कुलूप लावून घ्यायचं आणि आत श्वास रोखून बसायचं. माईसुईच्या दारालाही समोरच्या खोलीतल्या पोराने कुलूप अडकवलं आणि तो पळाला. ती, सून आणि नात आत होत्या. तिने शेगडी आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवली होती, गच्चीवर वारा फार होता म्हणून.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. पुढे थानबाई.

"वर कुणी राहत नाही हो, साहेब. गोदाम आहे नुसतं. रिकाम्या पेट्या."

बूट एकेका दारापुढे थांबत, पुढे जात. मग एके ठिकाणी थांबले आणि पुढे गेलेच नाहीत. दाराबाहेर एक तरुण आवाज म्हणाला, "गोदामाला लाल फडकं कशाला?"

बाहेर थानबाई नुसतीच खाकरली.

"आमच्याकडेही लावतात," तो आवाज म्हणाला. बोलण्याची ढब हनानचीच होती. माईसुईला वाटलं, आता हा मागे फिरेल. आपला माणूस आहे, आईच्या पोटी जन्मलाय, याला माहीत आहे. तिने डोळे मिटून वाट पाहिली.

"आत बाळ आहे," तो बाकीच्यांना म्हणाला. "कुलूप तोडा."

ते आत आले, बुटांसकट, थंडी घेऊन. रुईनी बाळाला पोटाशी धरून भिंतीकडे वळली. तरुण पोराने तोंडावरची पट्टी डोळ्यांपर्यंत ओढली होती आणि तो पलंगाकडे बघतही नव्हता. पण शेगडीकडे बघितलं. तारा बघितल्या. भिंतीला नखाने टोचलं तर फोमचा भुगा खाली पडला.

"मावशी, अशा खोलीत बाळ ठेवायचं? काडी पडली तर मिनिटात सगळं जाईल."

"मग चांगली खोली दे," माईसुई म्हणाली. "आम्ही काय हौसेने राहतोय इथे?"

त्याने वाकून शेगडीची तार काढली. शेगडी घेऊन गेले. जाताना एकाने दार उघडंच ठेवलं. सगळा मजला या आठवड्यात रिकामा करायचा, असं सांगितलं गेलं. एका लाल फडक्यामुळे सगळी कुलपं उघडली होती. लोक खोल्यांतून बाहेर येऊन माईसुईकडे बघत होते. शिव्या कुणी दिल्या नाहीत. तेच तिला सहन होईना.

"ते आलेच असते, आई. आज नाहीतर उद्या," बाओशान म्हणाला. त्याने ओरडावं असं तिला फार वाटत होतं. तो ओरडला नाही.

थानबाईने हात झटकले. "मी काय करू, ताई? माझेही मजले पाडणार आहेत." मग तिने खाली जाऊन डब्यात थोडं सार आणून दिलं. राणीचंच असणार ते. माईसुईने ते रुईनीला पाजलं. अभिमान बाळगायची ती वेळ नव्हती.

त्या आठवड्यात बाओशान तीनचाकीवरून कुठे कुठे फिरला. सगळ्या कडेच्या वस्त्यांत तीच गत होती. ज्या खोल्या कायदेशीर होत्या त्या त्याच्या पगारात बसत नव्हत्या, ज्या बसत होत्या त्यांना टाळं ठोकलं होतं. गावच्या एकाचं नूडल्सचं दुकान होतं. त्याने मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यांमधली जागा चार दिवसांसाठी दिली. रुईनीच्या मुकादमबाईचा निरोप आला: कामगारांच्या वसतिगृहात बायकांची एक खाट रिकामी आहे, लगेच रुजू झालीस तर तुझी. बाओशानलाही त्याच्या डेपोत पुरुषांची खाट मिळत होती. खाटेचा पत्ता परवान्याला चालतो. वसतिगृहात चूल नाही, नवरा नाही आणि लेकरू तर नाहीच नाही.

"तू चल माझ्याबरोबर," पिठाच्या पोत्यावर बसून माईसुई सुनेला म्हणाली. तिने इतक्या अजिजीने आयुष्यात कुणाला काही सांगितलं नव्हतं. "वर्षभर चल. कोंबड्या आहेत, राळे आहेत. पोरीला अंगावर पाज. मग ये परत."

"आणि मग, आई? पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. हिची शाळेची वेळ येईपर्यंत पुरं नाही व्हायचं."

"नाही तर नाही! गावात शाळा नाही का?"

"मी तिथेच शिकले," रुईनी म्हणाली. "तुमच्या मुलानेही तिथेच. बघा ना आम्ही कुठे बसलोय."

पोरीला या शहरात राहता यावं म्हणून पोरीलाच इथून पाठवायचं, असला उफराटा न्याय माईसुईच्या डोक्यात मावत नव्हता. पण दुसरं काय करायचं तेही तिला सुचत नव्हतं. बाओशान दाराशी पाठमोरा बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"गावात पावडरचं दूध मिळतं ना?" रुईनीने विचारलं.

"तालुक्याला मिळतं."

"चांगलं बघून घ्या. कोमट करून द्या. ती डाव्या कुशीवर लवकर झोपते." मग थोडं थांबून ती म्हणाली, "मला आटवायला काहीतरी द्या, आई. परवा कामावर उभं राहायचंय. अंगरखा ओला झाला तर अन्नाजवळ उभं करत नाहीत."

दूध आटवायला काय देतात हे माईसुईला चांगलं माहीत होतं. मोड आणून वाळवलेले आणि भाजलेले जव. त्यांचा दाट काढा. घट्ट कापड बांधायचं आणि काढा पीत राहायचं, दोन-तीन दिवसांत छाती कोरडी पडते. गावात वर्षा-दीड वर्षाच्या पोराचं अंगावरचं दूध तोडताना तिने कितीजणींना करून दिला होता. जडीबुटीच्या दुकानातली बाई पितळी तराजूत जव तोलताना सहज म्हणाली, "वर्षाचं झालं असेल ना बाळ?"

"हो," माईसुई म्हणाली.

"वर्षभर पाजलं म्हणजे कमालच. इथल्या पोरींना कुठे येतं इतकं दूध! आईने खाल्लं-प्यालं असणार चांगलं."

"मीच करून घालत होते," माईसुई म्हणाली आणि पुडी घेऊन घाईने बाहेर पडली. रस्त्यावर तिला धड दिसत नव्हतं.

नूडल्सवाल्याने एक चूल तिला मोकळी करून दिली. जव उकळायला लागले तसा खमंग वास सुटला, सुगीच्या दिवसांत खळ्यावर येतो तसा. माईसुईने काढा गाळून वाटीत ओतला. आत जाऊन तिने सुनेच्या छातीभोवती कापड गुंडाळलं, पण गाठ तिच्याने आवळवेना, शेवटी रुईनीनेच दात लावून ती आवळली.

"एकदा पाजून तरी घे आधी."

"मगाशीच पाजलं. पुन्हा घेतलं की मला नाही जमणार."

रुईनीने वाटी दोन्ही हातांनी धरली. या वेळी ती मीठ मागत बसली नाही, तेलकट म्हणाली नाही. शहाण्या सुनेसारखी एका दमात सगळं प्यायली. तेवढ्यात पोत्यांमागे दोउदोउ जागी होऊन रडायला लागली, आणि रुईनीच्या छातीवरचं कापड दोन्हीकडे भराभर ओलं होत गेलं. तिने खाली त्याकडे बघितलं. जागची हलली नाही. वाटी सासूपुढे धरली.

"अजून आहे का, आई?"

"आहे," माईसुई म्हणाली, आणि तिने ओतलं.